आठ गायक नकोत, आधी एक घ्या

प्रश्न थोडक्यात असा: लॅपटॉपवर आठ इलेक्ट्रॉनिक ट्रॅक तयार आहेत, सगळे बिनआवाजाचे, म्हणजे गायन नसलेले. बोनोबो या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक संगीतकाराच्या अल्बमांवर असतात तसे पाहुणे गायक घ्यायचे आहेत, आठ ट्रॅकना आठ. गायक कसे निवडायचे, अल्बम विस्कळीत होऊ नये म्हणून काय करायचं, आणि नाव-पैशाचं काय ठरवायचं?

मी पुण्यात बावीस वर्षं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करते. या बावीस वर्षांत हा बेत घेऊन आलेले बरेच जण पाहिले. त्यातले निम्मे अल्बम बाहेर आलेच नाहीत. कारण दर वेळी प्रतिभेची कमतरता हे नव्हतं. बहुतेकदा गणित चुकलेलं असायचं, म्हणून सुरुवात गणितानेच करू.

ज्या बोनोबोचं नाव घेतलंय त्याचीच गाणी मोजून पाहा. 'ब्लॅक सँड्स' (२०१०) मध्ये बारा ट्रॅक, त्यात गायिकेला दिलेले तीन, आणि तिन्हींत गायिका एकच. 'द नॉर्थ बॉर्डर्स' (२०१३) मध्ये तेरापैकी पाच. 'मायग्रेशन' (२०१७) मध्ये बारापैकी चार. 'फ्रॅगमेंट्स' (२०२२) मध्ये पुन्हा बारापैकी चार. म्हणजे कुठेही निम्म्याच्या वर गेलेला नाही, साधारण एक तृतीयांशावर थांबतो. आपल्याला मात्र सगळीकडे गायकच आठवतात. पंगतीतून उठल्यावर लोक श्रीखंडाचं कौतुक करतात, पण पोट वरणभातानेच भरलेलं असतं, तसंच आहे हे. बिनआवाजाचे आठ-नऊ ट्रॅक अल्बमला त्याची चव देतात आणि पाहुणा आला की तो त्या चवीत बसतो. तुमच्या आठही ट्रॅकवर आठ वेगळे लोक गायले तर अल्बम कोणाचा, हे ऐकणाऱ्याला कळणार कुठून?

आता त्याचा क्रम पाहा. बोनोबो म्हणजे सायमन ग्रीन, इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या वर्तुळातून आलेला. पहिला अल्बम 'ॲनिमल मॅजिक' २००० साली ट्रू थॉट्स या तिथल्याच छोट्या लेबलवर निघाला. दुसरा 'डायल एम फॉर मंकी' २००३ मध्ये निंजा ट्यूनवर. दोन्ही मुख्यतः वाद्यसंगीत. पाहुण्या आवाजांना खऱ्या अर्थाने दार उघडलं ते तिसऱ्या अल्बमला, २००६ च्या 'डेज टू कम'मध्ये. आणि उघडलं तेही किलकिलं: चार गाणी बाय्का या एकाच गायिकेची, एक गाणं फिंकचं. फिंक त्याच लेबलवरचा, म्हणजे घरचाच माणूस. पुढच्या अल्बमला आंद्रेया ट्रियाना आली. 'आइजडाउन', 'द कीपर' आणि 'स्टे द सेम' ही तिची तीन गाणी. त्याच वर्षी तिचा स्वतःचा पहिला अल्बम 'लॉस्ट व्हेअर आय बिलाँग' निघाला, त्याचा निर्माता ग्रीनच. म्हणजे ती एका दुपारी येऊन गाऊन गेलेली पाहुणी नव्हती. दोघांनी एकमेकांच्या कामात बराच वेळ घालवला होता. एरिका बाडूसारखं मोठं नाव आलं ते पाचव्या अल्बमला. तोवर त्याच्याकडे तिला बोलावण्यासारखं घर बांधून झालं होतं.

म्हणून माझं पहिलं उत्तर: आठ गायक नकोत. एक गायिका किंवा एक गायक शोधा आणि तिच्याबरोबर तीन गाणी करा. पहिल्या गाण्यात तुम्हाला तिचा आवाज कुठे चमकतो आणि कुठे पातळ होतो ते कळतं. दुसऱ्यात ती श्वास कुठे घेते, शब्द कुठे गिळते, कितव्या टेकला तिचं सर्वोत्तम येतं ते कळतं. (माझ्या अनुभवात शास्त्रीय शिकलेल्यांचं बहुधा तिसऱ्या-चौथ्याला येतं, जाहिरातींचं काम करणाऱ्यांचं पहिल्याच.) तिसरं गाणं तुम्ही लिहितानाच तिच्यासाठी लिहिता, आणि अल्बमवरचं चांगलं गाणं बहुतेक तेच ठरतं. आठ जणांबरोबर एकेक गाणं केलंत तर आठही वेळा तुम्ही पहिलंच गाणं करत राहाल.

एक मुलगा माझ्याकडे नऊ ट्रॅक आणि नऊ गायक घेऊन मिक्सिंगला आला होता. कोणी स्टुडिओत गायलं होतं, कोणी कपाटाशेजारी, एकाने चक्क मोबाइलवर. एकीच्या मागे पंख्याची घरघर, दुसऱ्याच्या फाइलवर आधीच चढवलेला रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा), तो काढायची सोय नाही. नऊ खोल्यांमधले नऊ आवाज एका घरात बसवण्यात माझे दोन आठवडे गेले, तरी ते शेवटपर्यंत शेजारी-शेजारीच राहिले, एकत्र राहायला आलेच नाहीत. ट्रॅक चांगले होते, हे आणखी वाईट.

आता जागेबद्दल. इथे जरा रेंगाळणार आहे, कारण खरी चूक इथेच होते. तुम्ही लिहिलंय की ट्रॅक 'तयार' आहेत. तयार ट्रॅक म्हणजे ज्यात सगळ्या जागा भरल्या आहेत. वाद्यसंगीत करताना आपण नकळत एखाद्या सिंथला (सिंथेसायझरला) गायकाचं काम देतो. तो मधल्या पट्ट्यात, साधारण एक ते चार हजार हर्ट्झच्या दरम्यान, धून वाजवत असतो. माणसाच्या उच्चारांची स्पष्टताही बरीचशी त्याच भागात असते. मग गायक आला की दोघं एकाच दारातून आत शिरायला बघतात. निर्माता गायकाचा आवाज वाढवतो, सिंथ दबला म्हणून सिंथ वाढवतो, आणि माझ्याकडे 'व्होकल बसत नाहीये' म्हणून फाइल येते. ते मिक्सिंगने सुटत नाही. धून वाजवणारा सिंथ म्यूट करा. मग उरलेल्यावर स्वतः गुणगुणून पाहा, कसंही. दोन मिनिटांत तोंडात काहीतरी आलं तर जागा आहे. नाही आलं तर अजून काहीतरी काढायचं बाकी आहे. तो ट्रॅक आवाजासाठी नाहीच असंही निघू शकतं, तसं निघालं तर तो बिनआवाजाचा ठेवा. वर सांगितलेलं एक तृतीयांशाचं गणित तिथे कामाला येतं.

जागा म्हणजे फक्त फ्रिक्वेन्सीची जागा असं समजू नका. स्वरांचीही असते, आणि आपल्याकडच्या गायकांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावं लागतं. काही वर्षांपूर्वी एक गायिका आली होती, लहानपणापासून गुरूंकडे बसून शिकलेली. ट्रॅक संथ, मागे भरघोस पॅड, म्हणजे लांब धरून ठेवलेले सिंथचे सूर. दोन तास झाले, गाणं होईना. 'ताई, काहीतरी टोचतंय' एवढंच ती म्हणत होती, काय ते तिलाही सांगता येईना. शेवटी मी पॅडच्या सुरावटीतून गंधार काढून टाकला, फक्त षड्ज आणि पंचम ठेवले. पुढचाच टेक झाला. कारण साधं आहे. कीबोर्डचा शुद्ध गंधार समान विभागणीतला, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग करून मिळालेला असतो. तानपुऱ्याशी जुळणारा नैसर्गिक गंधार त्याच्यापेक्षा साधारण चौदा सेंट खाली असतो (सेंट म्हणजे दोन लगतच्या सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). क्षणभर वाजून जाणाऱ्या पियानोत हे खपतं. आठ मात्रा धरून ठेवलेल्या पॅडवर ते दाताखाली खडा आल्यासारखं लागतं. ज्याचा कान तानपुऱ्यावर तयार झालाय त्याला गंधार मोकळा सोडा, तो कुठे ठेवायचा ते तो ठरवेल. आणि नंतर त्यावर ट्यूनिंगचं सॉफ्टवेअर पूर्ण जोराने फिरवू नका. मींडीच्या पायऱ्या होतात.

पट्टी आधी विचारा. हे इतकं प्राथमिक आहे की लिहायला संकोच वाटतो, पण दर वेळी राहतं. ट्रॅक पांढरी तीनमध्ये, गायिकेची पट्टी काळी चार, म्हणजे चार अर्धस्वर वर. तयार ऑडिओ सॉफ्टवेअरने ओढून चार सूर वर नेलात तर बेसचा जीव जातो आणि ड्रम खेळण्यातले वाटतात. म्हणून आवाज येईपर्यंत सगळं मिडीमध्ये (ध्वनी नव्हे, नुसत्या सुरांच्या सूचना, त्यामुळे पट्टी सहज बदलते) ठेवा, पक्कं करू नका. त्यातही नुसत्या पट्टीवर थांबू नका. काळी चारवाली गायिका इलेक्ट्रॉनिक ट्रॅकवर बरेचदा तिच्या मंद्रातच छान लागते, जिथे ती मैफलीत फारशी रेंगाळत नाही. दोन-तीन पट्ट्यांत एक मुखडा गाऊन घ्या आणि ऐकून ठरवा.

लयीचंही थोडं. नितीन सॉनी या ब्रिटिश संगीतकाराचा 'बियाँड स्किन' १९९९ सालचा. त्यातलं 'नादिया' स्वाती नाटेकर यांनी गायलंय. खाली ड्रम अँड बेसचे भराभर तुटणारे ड्रम आणि वर निवांत, पसरत जाणारा आवाज. पहिल्यांदा ऐकताना वाटतं की हे जमतं कसं? आपल्या माणसाला खरं तर हे नवीन नसावं. विलंबित गाणाऱ्याच्या मागे तबल्यावर दुगुन-चौगुन भरली की जे होतं तेच इथे आहे. ड्रम अँड बेसचा वेग साधारण मिनिटाला एकशे सत्तर ठोक्यांच्या घरात असतो, गाणारा मात्र त्याच्या निम्म्याने चालतो. सम दोघांची एक. ही युक्ती तुमच्या जलद ट्रॅकवर करून पाहा. गायिकेला सांगताना 'एकशे सत्तरवर गा' म्हणू नका, घाबरेल. पंच्याऐंशी म्हणा. तोच अल्बम आवाजाचा वेगळा उपयोग शिकण्यासाठीही ऐका. तो सुरू होतो ते १९९८ च्या अणुचाचण्यांची घोषणा करणाऱ्या वाजपेयींच्या आवाजाने आणि संपतो ओपनहायमरच्या आवाजाने. मध्ये सॉनीच्या वडिलांचा बोलतानाचा आवाजही आहे. यातलं कोणी गायक नाही, पण आवाज म्हणून तेही पाहुणेच आहेत, आणि सगळा अल्बम त्यांनी एका दोरीत ओवलाय.

दोरीचा विषय निघालाच आहे तर ब्रिस्टलच्या मॅसिव्ह अटॅकबद्दल बोलायला हवं. ते एकटे निर्माते नव्हेत, गट आहेत, पण पाहुण्या आवाजांचे अल्बम कसे बांधावेत याचं त्यांच्याइतकं चांगलं शिक्षण मला कोणाकडून मिळालं नाही. 'ब्लू लाइन्स' (१९९१) मध्ये शारा नेल्सन, 'प्रोटेक्शन' (१९९४) मध्ये ट्रेसी थॉर्न आणि निकोलेट, 'मेझनीन' (१९९८) मध्ये एलिझाबेथ फ्रेझर. दर अल्बमला मुख्य गायिका बदललेली. पण एक माणूस त्यांच्या पाचही स्टुडिओ अल्बमांवर आहे: होरेस अँडी, जमैकाचा रेगे गायक. बाकी सगळे येतात-जातात, तो कंप पावणारा आवाज मात्र कुठेतरी असतोच. अल्बम विस्कळीत होऊ नये म्हणून काय करायचं, असं विचारलंत ना? एक होरेस अँडी शोधा. तो गायकच असायला हवा असं नाही. सगळ्या गाण्यांत एकच ढोलकीवाला किंवा एकच सारंगी चालेल. सगळे आवाज एकाच खोलीत आणि एकाच माइकवर घेतलेत तरी चालेल. बदलणाऱ्या गोष्टी कमी असल्या की बदल ऐकू येतो.

गायक कसा निवडायचा याचा धडाही त्यांच्याकडूनच. 'टिअरड्रॉप'चा कच्चा ट्रॅक तयार झाला तेव्हा तिघांपैकी एकाला, मशरूमला, त्यावर मॅडोना हवी होती, आणि त्याने तो तिच्याकडे पाठवलाही होता. मॅडोना तयार होती असं सांगतात. पण बाकी दोघांना फ्रेझर हवी होती. दोन विरुद्ध एक, फ्रेझर गायली, शब्दही तिचेच. आता कल्पना करा, जगातली सगळ्यात मोठी पॉप गायिका हातात असताना ती नाकारायची. पुढे मशरूम गटातून बाहेर पडला, त्या रस्सीखेचीत हेही एक कारण होतं. मी हे कोणाची बाजू घेण्यासाठी सांगत नाही. मला दिसतं ते इतकंच की मॅडोना गायली असती तर ते मॅडोनाचं गाणं झालं असतं. तुमच्या ओळखीत इन्स्टाग्रामवर लाखभर लोक असलेली एखादी गायिका असेल आणि ती 'हो' म्हणत असेल, तर तिला विचारायच्या आधी ट्रॅक डोळे मिटून ऐका. तिचा आवाज ऐकू येतोय की तिचं नाव?

लोकसंगीताबद्दल वेगळं सांगते, कारण हल्ली दर तिसरा निर्माता 'एक ट्रॅक लोककलावंताबरोबर' असं म्हणतो. 'मायग्रेशन'वर 'बाम्ब्रो कोयो गांडा' म्हणून ट्रॅक आहे. तो न्यूयॉर्कमधल्या इनोव्ह ग्नावा या मंडळींबरोबर केलाय, मोरोक्कोच्या ग्नावा परंपरेतलं गाणं. त्याला सर्वोत्तम डान्स रेकॉर्डिंगचं ग्रॅमी नामांकनही मिळालं. तो नीट ऐकलात तर लक्षात येतं की गाणाऱ्यांनी आपला समूह-आवाज, आपला ठेका, आपलं झुलणं सगळं बरोबर आणलंय. इलेक्ट्रॉनिक भाग त्यांच्या चालीने चालतो, उलटं नाही. आपल्याकडे काय होतं? एकशे चोवीसचा चौपदरी ठोका आधी बसवलेला असतो, मग एखाद्या गोंधळ्याला बोलावून 'काका, यावर काहीतरी म्हणा' सांगतात. काकांचं म्हणणं ज्या संबळाच्या झोकावर उभं असतं तो झोकच काढून घेतल्यावर उरतात ते फक्त शब्द आणि थोडी खरखर. तोंडी लावायला लोणचं घ्यावं तसं. पैसे घेऊन ते गातातही, पण जाताना चेहऱ्यावर दिसतं. तसं काही करायचं असेल तर आधी संबळ, तुणतुणं आणि गाणं सगळं त्यांच्या लयीत रेकॉर्ड करा, क्लिकशिवाय (कानात यंत्राचा ठोका न देता). मग तुमचा ग्रिड, म्हणजे सॉफ्टवेअरमधली ठोक्यांची चौकट, त्या लयीप्रमाणे वाकवा. वेळखाऊ काम आहे. म्हणून मी पहिल्या अल्बमला ते सुचवत नाही.

न बोलावलेले पाहुणे हा आणखी एक प्रकार. बोनोबोच्या 'केरला' या ट्रॅकमध्ये ऐकू येणारे आवाजाचे तुकडे ब्रँडी या अमेरिकन गायिकेच्या १९९४ च्या 'बेबी'मधले आहेत. (नाव केरळचं, मल्याळम औषधालाही नाही. आपल्याकडचे बरेच जण त्यात काहीतरी भारतीय शोधत बसतात.) मोबी या अमेरिकन संगीतकाराचा 'प्ले' (१९९९) तर मोठ्या प्रमाणात अशा आवाजांवरच उभा आहे. ॲलन लोमॅक्सने अमेरिकेच्या दक्षिणेत ध्वनिमुद्रित केलेल्या लोकगायकांचे तुकडे त्याने वापरले. 'नॅचरल ब्लूज'मध्ये गाणारी अलाबामाची व्हेरा हॉल १९६४ सालीच वारली होती. पस्तीस वर्षांनी तिचा आवाज जगभरच्या जाहिरातींत वाजला. परवानग्या कागदोपत्री घेता येतात. तिला हे गाणं आवडलं असतं का, ते कोणी विचारू शकत नाही. तुम्ही सँपल (असा उचललेला तुकडा) वापरणार असाल तर परवानगी प्रकाशनाआधी घ्या, आणि घेता येत नसेल तर तो ट्रॅक मोडून पुन्हा बांधा. यूट्यूबवरून उचललेल्या जुन्या नाट्यगीताच्या तुकड्यावर अख्खा ट्रॅक उभा करून 'कोणाला कळतंय' म्हणणारे मला भेटलेत. स्वयंचलित यंत्रणेला कळतं, आणि ट्रॅक बरा चालू लागला की मग माणसांनाही कळतं.

आता नाव आणि पैसा. याबाबत इलेक्ट्रॉनिक संगीताचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. १९८९ साली ब्लॅक बॉक्स या इटालियन गटाचं 'राइड ऑन टाइम' ब्रिटनमध्ये त्या वर्षीचं सर्वाधिक खपाचं सिंगल ठरलं. आवाज होता लोलिआटा हॉलोवेचा, तिच्या १९८० च्या 'लव्ह सेन्सेशन'मधून उचललेला. पडद्यावर ओठ हलवत होती एक मॉडेल. त्याच गटाच्या इतर गाण्यांत मार्था वॉश गायली होती, चेहरा पुन्हा त्या मॉडेलचाच. सी अँड सी म्युझिक फॅक्टरीच्या गाण्यातही वॉशचा आवाज आणि व्हिडिओत दुसरीच बाई. वॉशने खटले भरले, तडजोडी झाल्या, आणि त्यानंतर कुठे गाणाऱ्याचं नाव छापण्याबाबत कंपन्या सावध झाल्या.

दुसरी गोष्ट इलेक्ट्रॉनिकमधली नाही, तरी सांगते, कारण आपल्याला ती जास्त लागू आहे. १९७३ साली क्लेअर टोरी या गायिकेला पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या 'द ग्रेट गिग इन द स्काय'साठी एका रविवारी बोलावलं. शब्द नव्हते, चाल नव्हती, 'काहीतरी गा' एवढंच. तिने जे गायलं ते आज सगळ्यांना पाठ आहे. मानधन तीस पौंड. २००४ मध्ये तिने दावा केला: ते गायन म्हणजे रचनाच होती, त्यामुळे रचनाकार म्हणून वाटा हवा. २००५ मध्ये तडजोड झाली आणि तेव्हापासून रचनेच्या श्रेयात तिचं नाव आलं.

आपल्याकडे हे रोज घडतं. शास्त्रीय गायिकेला बोलावतात, ट्रॅक लावतात, 'ताई, यावर आलाप करा ना' म्हणतात. ती वीस मिनिटं गाते. निर्माता त्यातल्या चार जागा निवडतो, त्या गाण्याचा मुखडा होतात. मग संगीतकार म्हणून नाव फक्त निर्मात्याचं. अहो, चाल तिने केली! राग सार्वजनिक आहे, बंदिशही पारंपरिक असू शकते, पण त्या ठोक्यावर त्या क्षणी सुचलेली ती स्वरवाक्यं तिची आहेत. माझा साधा नियम: चाल आणि शब्द तुमचे असतील, ती फक्त गाणार असेल, तर मानधन आणि गायिका म्हणून ठळक नाव. चाल किंवा शब्द तिने दिले असतील तर रचनेत वाटा, आणि ट्रॅक तुमचा, चाल-शब्द तिचे असतील तर मी सरळ निम्मे-निम्मे सुचवते. रचनेचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींचे वाटे वेगळे लिहा. भारतात २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क बळकट झाला. त्यांच्यासाठी आयपीआरएस ही संस्था आहे, गायकांच्या हक्कांसाठी २०१३ मध्ये इस्रा ही संस्था सुरू झाली, तिचं नाव आता इसाम्रा आहे. तुम्ही आणि तुमची गायिका, दोघंही सभासद व्हा.

कागद रेकॉर्डिंगच्याच दिवशी करा, चहा पिताना. एक पान पुरतं: गाण्याचं नाव, कोणी काय केलं, कोणाचा किती टक्के वाटा, नाव कसं छापायचं, जाहिरातीला वा चित्रपटाला गाणं दिलं तर कोणाकोणाची संमती लागेल. खाली सह्या. आपल्याकडे मैत्रीत कागद काढला की अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं, त्यामुळे कोणी विषयच काढत नाही. मी पाहिलेल्या तीन मैत्र्या नेमक्या त्या न काढलेल्या विषयावर तुटल्या, त्यातल्या दोन गाण्यांना तर शंभर रुपयेही मिळाले नव्हते. आणि नावाचं स्पेलिंग तिच्याकडूनच लिहून घ्या. अपलोड करताना ते चुकलं तर गाणं भलत्याच गायिकेच्या पानावर जाऊन बसतं आणि दुरुस्तीला आठवडे जातात.

दूर राहणाऱ्या गायकाबरोबर काम करणार असाल तर त्याला नुसता अख्खा ट्रॅक पाठवू नका. दोन फाइल पाठवा: एक संपूर्ण ढोबळ मिक्स, दुसरी नुसता ठेका, बेस आणि एखादा स्वर, म्हणजे गाताना त्याला पट्टीचा आधार राहील. दोन्ही गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या. त्याच्याकडून चोवीस बिट, अठ्ठेचाळीस किलोहर्ट्झ, कोरडा आवाज मागा, रिव्हर्ब नको, कॉम्प्रेशन नको. सगळे टेक मागा, त्याने निवडलेला एकच नको. बरेचदा गायक ज्या टेकला 'चुकला' म्हणून बाजूला ठेवतो त्यातच एखादी ओळ अशी लागलेली असते की बाकी सगळं तिच्याभोवती बसवावंसं वाटतं.

शेवटी कार्यक्रमाचा प्रश्न, जो तुम्ही विचारला नाही पण सहा महिन्यांत विचाराल. आठ गायकांचा अल्बम मंचावर कसा न्यायचा? आठ जणांच्या तारखा जुळत नाहीत, आठ जणांचं मानधन तर त्याहून नाही. लॅपटॉपवरून आवाज वाजवून समोर नुसतं उभं राहिलात तर दुसऱ्या गाण्याला लोक मोबाइल काढतात. 'द नॉर्थ बॉर्डर्स'वर 'टॉवर्स' आणि 'ट्रांझिट्स' गाणारी शर्डीन बोनोबोच्या बँडबरोबर दौऱ्यांवर फिरली आणि अल्बमांवर इतरांनी गायलेली गाणीही तिथे तीच गात असे. इथेही हिशेब सुरुवातीलाच येऊन थांबतो. तुमच्या तीन गाण्यांची गायिका जर बाकीच्या एक-दोन पाहुण्यांची गाणीही गाऊ शकत असेल, तर तुमच्याकडे मंचावर जाऊ शकणारी मंडळी आहे. म्हणून पाहुण्यांचं गाणं पक्कं करतानाच ते तुमच्या मुख्य गायिकेकडून एकदा तिच्या पट्टीत गाऊन घ्या आणि त्या पट्टीतला मिडी वेगळा जपून ठेवा. पहिल्या कार्यक्रमाच्या आदल्या रात्री तो शोधत बसलेले लोक मला दोन वाजता फोन करतात.